मुकुंदच्या मैदानावर साडेबारा फेऱ्या

माझा धाकटा भाऊ मुकुंद बावीस वर्षं नगर जिल्ह्यात राहिला. त्या बावीस वर्षांत मी त्याच्याकडे एकदाही गेले नाही. गणपतीला तो चिपळूणला यायचा, तेवढ्यावर मी समाधान मानत आले. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून मला रजा मिळत नाही, घाट चढला की डोकं दुखतं, तिकडचं ऊन सोसत नाही, अशी कारणं मी देत असे आणि तो ती ऐकून घेत असे.

कर्जतपासून अर्ध्या तासावरच्या एका गावातल्या कॉलेजात तो क्रीडाशिक्षक होता. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या क्रीडास्पर्धा नगरला होणार होत्या. बहुतेक खेळ शहरात, पण लांब पल्ल्याच्या शर्यती त्याच्या कॉलेजवर. तिथे तेव्हा मैदान असं नव्हतंच, नुसता माळ होता. ‘‘मैदान मी करणार आहे,’’ तो म्हणाला. ‘‘ताई, या वेळी काही सांगू नकोस. डिसेंबरात ये.’’

एप्रिलमध्ये तो गेला. सकाळी उठला नाही, इतकंच. त्याचे सहकारी त्याला गाडीतून चिपळूणला घेऊन आले, त्यामुळे तेव्हाही माझं नगरला जाणं झालं नाही. त्याच्या सामानात मैदानाची वही होती. डिसेंबर जवळ आला तसं मी ठरवलं की जायचं. मला शर्यतीतलं काही कळत नाही. त्याने आखलेल्या मैदानावर कुणीतरी धावताना एकदा पाहायचं होतं.

गुरुवार

पाट्यांवर अहिल्यानगर लिहिलेलं आहे, पण कंडक्टरपासून चहावाल्यापर्यंत सगळे नगरच म्हणतात. तिथून कर्जतकडे निघाल्यावर माझ्या डोळ्यांना सवयीचं काहीच उरलं नाही. आमच्याकडे नजर कुठेही टाकली तरी डोंगराला किंवा झाडाला अडते. इथे ती जातच राहते. ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसं अजून पानांच्या आत. मध्येच उसाचा हिरवा चौकोन, मग पुन्हा माळ, एखादी बाभूळ, आणि वर अवाढव्य आभाळ. मला वाटलं होतं, हे सगळं रखरखीत आणि उदास असेल. उदास अजिबात नव्हतं. डिसेंबरचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटत होतं.

माझी उतरायची सोय मार्थाबाईंकडे केली होती. या जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबं गावोगाव आहेत. मार्थाबाईंच्या सासरचे पणजोबाही याच गावात शिक्षक होते आणि त्याही प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांचे यजमान नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यात कामाला आहेत, घरी येतात ते पंधरा दिवसांनी. नाताळ जवळ आला होता, म्हणून ओसरीवर कागदी चांदणी टांगलेली होती आणि घरात करंज्यांचा वास होता. आमच्याकडच्या दिवाळीच्या करंजीत आणि या करंजीत मला काही फरक सापडला नाही.

मुलगी रूथ वीस-एकवीस वर्षांची, काटक, पाय घरात ठरत नाहीत अशी. ती पाच हजार मीटर धावते. मुकुंदचीच विद्यार्थिनी. मी सरांची बहीण म्हणून तिने पहिल्या पाच मिनिटांतच मला आत्या करून टाकलं.

‘‘आत्या, या वर्षी माझं शेवटचं. पुढच्या वर्षी वयात बसत न्हाई मी.’’

खेळाडूंना हॉटेलं पुरणार नाहीत म्हणून गावाने घरं वाटून घेतली होती. प्रत्येक घराला एकेक राज्य. ‘‘आमच्याकडं आसाम आलंय,’’ मार्थाबाई म्हणाल्या. समोरच्या घरी पंजाब होता आणि पाहुण्यांना दूध कमी पडू नये म्हणून त्यांनी एक म्हैस आटवायची थांबवली होती, असं रूथ म्हणाली. मार्थाबाईंनी तीस किलो तांदूळ आणून ठेवला होता आणि त्यांच्यापुढे खरी अडचण होती.

‘‘ताई, तुम्ही भाताच्या मुलखातल्या. मला नीट शिकवा. आमचा भात एक तर गोळा होतो नाही तर कच्चा राहतो. आम्ही आपली भाकरीची माणसं.’’

रात्री बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे, म्हणजे आमच्या कुळथाचे, शेंगोळे होते. शेंगोळे मी पहिल्यांदा खाल्ले. मुकुंद त्यांच्याबद्दल दर वर्षी सांगायचा आणि मी दर वर्षी म्हणायचे, कुळथाचं पिठलंच ना ते. ते तसं नाही. रश्श्यात वळलेली कुळथाची कडी घालून, लसणाच्या फोडणीत शिजवलेलं ते एक वेगळंच प्रकरण आहे, आणि हे मान्य करायला समोर तो नव्हता.

शुक्रवार

सकाळी रूथ मला मैदानावर घेऊन गेली. कॉलेजच्या मागे काळ्याभोर मातीचा एक मोठा लंबगोल होता. कडेला एक म्हातारे गृहस्थ उभे होते. धोतर, स्वेटर, डोक्याला मफलर. त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांचं शेत मैदानाला लागून आहे. मुकुंद रोज संध्याकाळी त्यांच्याकडे चहा प्यायचा.

‘‘तुमी सरांच्या थोरल्या भैन. व्हय ना? त्वांड तेच हाय.’’ मग मैदानाकडे हात करून म्हणाले, ‘‘बगा. सर गेले आन् काम ऱ्हायलं हुतं. आमी पुरं केलं. समद्या गावानं. तळ्यातला गाळ आनून टाकला. उन्हाळ्यात तळं आटलं हुतं, दीडशे ट्रॉल्या वडल्या.’’

मी मुकुंदची वही बरोबर नेली होती. तात्यांना त्याचं अक्षर पाहून बरं वाटेल, एवढाच हेतू. पान उघडून मी मोठ्याने वाचलं. ‘‘खाली दगडाची भर, वर सहा इंच मुरूम, पाणी मारून रोलर. मुरमाशिवाय दुसरं काही टाकू नये.’’

वाचून झाल्यावर मला कळलं की मी काय केलं. रूथ दुसरीकडे पाहत होती. तात्यांनी पायातलं पायताण काढलं आणि अनवाणी दोन पावलं आत टाकली. गाळाला भेगा पडल्या होत्या. एका भेगेत त्यांच्या पायाचा अंगठा गेला.

‘‘मुरूम सरांनी मलाबी सांगितला हुता,’’ पाय बाहेर काढत ते म्हणाले. ‘‘पर मुरूम आमी रस्त्याला टाकतो, ताई. खड्ड्यात टाकतो. सरांच्या मैदानाला ते हलकं कसं घालायचं? गाळ म्हंजे सोनं. त्यासाठी भांडनं व्हत्यात आमच्यात. यंदा कुनी आपल्या वावरात एक पाटीबी नेली न्हाई, सगळा हितं आनला.’’

कोकणात मातीवरून असं काही घडलं नसतं. आमच्याकडे सगळी माती लाल आणि सगळी दगडाची, तिच्यात उच्च-नीच फारसं नाही. इथे माणसं मातीची जात ओळखून राहतात. आपल्याजवळची सर्वात चांगली गोष्ट त्यांनी माझ्या भावाला दिली होती आणि तिच्यावर धावणं अशक्य होतं. वाळली की भेगाळते, भिजली की पाय धरून ठेवते.

परतताना मी रूथला विचारलं, तुला ठाऊक होतं ना.

‘‘पावसाळ्यापासून. मी डांबरीवर पळते की. पण आत्या, कुणी सांगायचं त्यांना? रोज सकाळी येऊन ढेकळं फोडायचे तात्या. मला म्हनायचे, पोरी, गादीवानी झालंय का बघ.’’

त्या संध्याकाळी तात्या मार्थाबाईंच्या ओसरीवर आले. सोमवारी स्पर्धा सुरू होणार होती. मध्ये दोन दिवस होते.

‘‘उद्या इर्जिक घालतो,’’ ते म्हणाले. ‘‘शेततळं खांदलं तवाचा मुरूम बांधावर पडलाय माझा. गाळ उचलायचा, मुरूम टाकायचा. गाळ ज्याचा त्यानं वावरात न्यावा, आता काय करता.’’

इर्जिक म्हणजे काय ते मार्थाबाईंनी मला सांगितलं. एखाद्याचं काम अडलं की गाव आपापली अवजारं घेऊन येतं. मजुरी नाही. ज्याचं काम, त्याने जेवण घालायचं. चूल सकाळीच पेटते, पण काम पुरं झाल्याखेरीज पानं वाढत नाहीत.

‘‘मग उद्याचं जेवण माझ्याकडून,’’ मी म्हटलं. ‘‘काम मुकुंदचं आहे.’’

तात्यांनी थोडा विचार केला. ‘‘बराबर हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पर आमटीत तुमी हात घालू नका. तुमची गूळ घातलेली नगं आमाला.’’

शनिवार

सकाळी सातला चौदा ट्रॅक्टर आणि एक जेसीबी उभा होता. पलीकडच्या वाडीवरून दोघे जण नुसतं पाहायला आले होते, त्यांच्याही हातात दुपारपर्यंत फावडी आली. काळा गाळ ट्रॉल्यांतून वावरांकडे निघाला आणि पिवळसर तांबडा मुरूम मैदानात आला. तो रंग पाहून मला घरच्यासारखं वाटलं. बाभळीखाली तीन चुलींवर आमटी, लापशी आणि भाकऱ्या चालल्या होत्या. मी गूळ फोडत बसले होते, लापशीसाठी. बायका माझ्या भाकरीची परीक्षा घेऊन मोकळ्या झाल्या होत्या.

‘‘ह्या भाकरीवर कोकनाचा नकाशा काढलाय आत्यांनी,’’ एक जण म्हणाली.

साडेबाराच्या सुमाराला अर्ध्या मैदानात मुरूम पडला होता. रूथ वळणावर चुन्याची पांढरी भुकटी, जिला इथे फक्की म्हणतात, तिचा डबा घेऊन उभी होती. तिचा मोबाईल वाजला. तिने वाचलं, पुन्हा वाचलं. मग पत्र वाचून दाखवावं तसं मोठ्याने म्हणाली, ‘‘अपरिहार्य कारणास्तव सदर स्पर्धा रद्द करण्यात आल्या आहेत.’’

बातमी पसरली तसे ट्रॅक्टर एकेक करून बंद होत गेले. शेवटचा बंद झाल्यावर चुलीतली लाकडं तडतडताना ऐकू येत होती.

‘‘म्हंजे काय?’’ तात्यांनी विचारलं.

‘‘न्हाई होनार.’’

‘‘पुढं ढकलली का?’’

‘‘रद्द, तात्या. रद्द.’’ तिने डबा खाली ठेवला, ठेवताना तो कलंडला, आणि ती शेतातल्या पायवाटेने घराकडे चालू लागली.

कारण काय हे तेव्हा कुणाला कळलं नाही आणि मला आजही ठाऊक नाही. कुणी म्हणे परवानगीचा कागद आला नव्हता, कुणी म्हणे वर दोन गटांत बिनसलं. प्राचार्यांना फोन लावला, त्यांनाही तेवढीच ओळ आली होती. मी गुळाची ढेप मांडीवर घेऊन बसले होते. मुकुंदच्या मैदानावर आता कुणी धावणार नाही, हे मला शांतपणे कळलं. एप्रिलमध्ये बातमी आली तेव्हाही असंच शांत वाटलं होतं, मग आठवडाभराने मी ग्रंथालयात पुस्तकांच्या घोडीवर चढले आणि हातातलं पुस्तक न लावताच उतरून जमिनीवर बसले होते.

‘‘तात्या, बंद करायचं का मग?’’ जेसीबीवाला म्हणाला. ‘‘कुनासाठी करायचं आता?’’

तात्या माझ्याकडे वळले. ‘‘ताई, आमटी झाली?’’

‘‘झाली.’’

‘‘मग अर्ध्या इर्जिकेचं जेवन कसं वाढनार ह्या?’’ ते जेसीबीवाल्याला म्हणाले. ‘‘निम्मी वाटी देऊ का तुला? चालू कर.’’

तो हसला आणि त्याने चालू केलं. दिवस मावळायला रोलरची शेवटची फेरी झाली आणि पंगत बसली. मी वाढलं. सगळे भरपूर जेवले. स्पर्धेचं नाव कुणी काढलं नाही.

रविवार

रूथ खोलीबाहेर आली नाही. मार्थाबाई मला चर्चमध्ये घेऊन गेल्या. खाली सतरंजीवर बसायचं, पेटी आणि तबला, मराठी भजनं. चपला बाहेर काढताना मला आमच्या गावच्या देवळाची आठवण झाली. शेवटी आजाऱ्यांसाठी, परगावी गेलेल्यांसाठी आणि गेल्या वर्षात गेलेल्यांसाठी प्रार्थना झाली. गेलेल्यांत तीन नावं होती, तिसरं मुकुंदचं. तो कधी तिथे आला होता का, मी विचारलं.

‘‘दर नाताळला. करंज्या खायला,’’ मार्थाबाई म्हणाल्या. ‘‘प्रार्थनेच्या वेळी बाहेर उभे राहून मुलांच्या शर्यती लावायचे.’’

दुपारी तीनला त्यांचा फोन वाजला. आसामच्या बाईंचा होता, हिंदीतून. त्या दोन मुलींना घेऊन गुरुवारीच निघाल्या होत्या. त्यांना निरोप मिळाला तो आज दुपारी, तेव्हा नागपूर मागे पडलं होतं. परतीचं आरक्षण गुरुवारचं, त्याआधीचं मिळत नाही. सकाळी नगरला उतरणार होत्या आणि उतरून काय करायचं हे त्यांना समजत नव्हतं. उतरण्याची सोय लिहून आलेल्या चिठ्ठीवर मार्थाबाईंचा नंबर होता म्हणून त्यांनी तो लावला होता.

‘‘काय करायचं म्हणजे? आमच्याकडे यायचं,’’ मार्थाबाई मराठीतूनच म्हणाल्या. ‘‘तांदूळ आणलाय मी.’’

आतून दार उघडलं. रूथचे डोळे सुजलेले होते.

‘‘आई, त्यांना विचार, कितीची शर्यत पळतात.’’

मार्थाबाईंनी विचारलं. ‘‘पाच हजार. दोघी.’’

रूथने पायमोजे शोधले. तिने शूज घातले. दारातून वळून मला म्हणाली, ‘‘आत्या, वही घ्या.’’

अंधार पडेपर्यंत आम्ही दोघींनी मैदान आखलं. मी वाचायचं, तिने टेप धरायची, दोरी ताणायची, फक्की सोडायची. वळणाची त्रिज्या छत्तीस मीटर पन्नास. आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटर बाहेर मोजणे. मुकुंदचा चार आणि सात सारखाच दिसतो, लहानपणापासून. एका जागी आकडा कुठला ते मला ओळखता येईना. तात्या कंदील नव्हे, मोबाईलचा उजेड धरून उभे होते.

‘‘सर सात काढताना पेन उचलायचे,’’ रूथ म्हणाली. मी पाहिलं. खरंच, मध्ये बारीक फट होती. अठ्ठावन्न वर्षांची मी, त्याला पाटीवर आकडे गिरवायला मीच शिकवले होते, आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती.

सोमवार ते बुधवार

सकाळी आसामच्या दोघी आल्या. जोनाली आणि तिची मैत्रीण, दोघीही बुटक्या, लाजाळू, तीन दिवसांच्या प्रवासाने चेहरे उतरलेल्या. मी पहाटे उठून मार्थाबाईंना भात शिकवला होता. मोकळा, शितं मोजून घ्यावीत असा झाला होता. त्यांच्या बाईंनी ताटाकडे पाहिलं आणि संकोचून विचारलं, रोटी मिळेल का. गाडीत तीन दिवस भातच खाल्ला होता. मार्थाबाई माझ्याकडे न पाहता परातीत पीठ घ्यायला गेल्या.

मूळ कार्यक्रमात उद्घाटन चार वाजता होतं. चारलाच शर्यत ठेवली. कॉलेजच्या चार मुली तयार झाल्या, म्हणजे सात जणी. शेतातली माणसं येऊन कडेने बसली. मला काम दिलं फेऱ्या मोजण्याचं. पाच हजार मीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या, आणि त्या चुकल्या तर भांडणं होतात, म्हणून मोजताना मध्ये न बोलणारं माणूस लागतं, असं रूथचं म्हणणं.

त्या निघाल्या. मुरमावरून बुटांचा एक करकरीत, सारखा आवाज येत होता. सात जणी माझ्यासमोरून गेल्या आणि मी वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पहिली रेघ ओढली. मला वाटलं होतं, या क्षणी मी रडेन. पण एकेकीची फेरी चुकवायची नव्हती, त्यामुळे सवड मिळाली नाही.

आठव्या फेरीपर्यंत रूथ पुढे होती. मग जोनाली, जी तोवर कुणाच्या खिजगणतीत नव्हती, तिच्या शेजारून निघून गेली. जिंकली ती चाळीस पावलांनी.

रूथ गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. श्वास आल्यावर जोनालीला म्हणाली, ‘‘कल फिर?’’ जोनालीने मान हलवली.

माझी परतीची गाडी मंगळवारी सकाळची होती. मी रात्री ते तिकीट रद्द केलं.

मंगळवारी जामखेड आणि श्रीगोंद्याहून टेम्पो करून आणखी नऊ मुली आल्या. त्यांनाही शनिवारी तीच ओळ आली होती. मार्थाबाईंचा तांदूळ त्या दिवशी निम्मा संपला. रूथ दुसऱ्यांदा हरली, दहा पावलांनी. संध्याकाळी त्या दोघी ओसरीवर बसून एकमेकींच्या पायांचे फोड पाहत होत्या. एकीचं हिंदी आसामी, दुसरीचं कर्जतचं. तात्यांनी रोलर फिरवताना मला विचारलं, उद्या किती मानसं येत्याल, म्हंजे तितका चहा सांगायला.

बुधवारी माणसं शेकड्याने होती. बाराव्या फेरीला दोघी बरोबर होत्या. उरलेली अर्धी फेरी मी मोजायचं विसरून उभी राहिले. वळणावर रूथ आत, जोनाली बाहेर. सरळ पट्ट्यावर दोघींचे खांदे एका रेषेत. शेवटच्या रेघेवर जोनालीची छाती पुढे होती, हातभर.

रूथ मुरमावर आडवी झाली. मी पाण्याची बाटली घेऊन गेले. गुडघा फुटला होता, त्यात तांबडी रेती बसली होती. बुधवारी तिने तिची आजवरची सर्वात चांगली वेळ दिली होती. ती कुठे नोंदली जाणार नव्हती आणि प्रमाणपत्र मिळणार नव्हतं.

‘‘हातभर,’’ ती आभाळाकडे पाहत म्हणाली. ‘‘चाळीस, दहा, हातभर. आत्या, चौथा दिवस असता ना...’’

‘‘उद्या त्यांची गाडी किती वाजता आहे?’’ मी विचारलं.

ती कोपरावर उठून बसली. ‘‘दुपारी दोनला.’’

जोनाली शेजारीच बसून बुटांतला मुरूम झटकत होती. तिला शब्द कळले नसावेत, पण तिने आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि काढलेला बूट पुन्हा पायात घालून पाहिला, बसतो का. तात्या रोलर आणायला निघालेच होते.